चार मिनिटांची फिल्म, चाळीस मिनिटांचा तास

वर्गात माहितीपट दाखवायचा ठरला की बहुतेक शिक्षक आधी "कोणता दाखवू?" असं विचारतात. मी आधी "किती दाखवू?" असं विचारते, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: तीन ते पाच मिनिटं. तास चाळीस मिनिटांचा असेल तर फिल्म चार मिनिटांची, कारण ती एकदा दाखवून भागत नाही. पहिल्या वेळी मुलं गोष्ट बघतात. दुसऱ्या वेळी तपशील दिसायला लागतात. तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "बाई, तो कोपऱ्यातला माणूस काय करतोय?" आणि खरा तास तिथून सुरू होतो. चाळीस मिनिटांची फिल्म लावली तर यातलं काहीच घडत नाही. घंटा होते, दिवे लागतात आणि "मस्त होती" म्हणत सगळे डब्याकडे वळतात.

माझ्याकडे विज्ञान आहे आणि भूगोल-इतिहासाचे तासही असतात. एकाच आठवड्यात चंद्रावरचा प्रयोग आणि बर्फातलं घर, दोन्ही दाखवायची वेळ येते. दोन्हीकडे मी एकच पद्धत वापरते. फिल्म हा पुरावा आहे असं धरून चालायचं. पुरावा कुणीतरी गोळा केलेला असतो, कुठून तरी, कशासाठी तरी. तो मोजता येतो, त्यावर शंका घेता येते, दुसऱ्या पुराव्याशी ताडून बघता येतो. फिल्मवर शिकवायचंच काम टाकलं आणि आपण मागं जाऊन वह्या तपासत बसलो, तर मुलांनाही कळतं की हा तास सुट्टीचा आहे.

निवडताना

एका फिल्ममध्ये एकच घटना हवी: बी रुजतंय, पूल हलतोय, कुणीतरी होडी बांधतंय. "समुद्राचं अद्भुत जग" छापाच्या फिल्ममध्ये दर वीस सेकंदांना नवा प्राणी येतो. त्या बघायला सुंदर असतात, पण वर्गात निरुपयोगी, कारण कशावरच डोळा ठरत नाही. मोठ्या माहितीपटातला नेमका तुकडा काढून वापरा. सुरुवातीची आणि शेवटाची वेळ वहीत लिहून ठेवली की झालं, कापाकापी करायचीही गरज पडत नाही.

छोट्या फिल्मची कल्पना मोबाइलबरोबर आलेली नाही. १९१० साली पर्सी स्मिथ या इंग्रज माणसानं फुलं उमलताना दाखवणारी फिल्म केली होती. १९५२ साली जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये 'एन्सायक्लोपीडिया सिनेमॅटोग्राफिका' नावाचा प्रकल्प सुरू झाला. एका फिल्ममध्ये एकच क्रिया, एका प्राण्याची एकच हालचाल किंवा एका समाजातलं एकच काम, तेही बहुतेक वेळा निवेदनाशिवाय, असा त्याचा शिरस्ता होता. प्राणी आणि माणसं एकाच कपाटात ठेवण्याच्या त्या वृत्तीवर आज बरंच बोलता येईल, पण एक फिल्म, एक क्रिया हा नियम मी तिथूनच उचलला आहे.

निवडलेली फिल्म स्वतः शेवटपर्यंत, श्रेयनामावलीसकट बघा. कुठे, कधी, कुणी चित्रित केली हे बहुतेक वेळा शेवटच्या पंधरा सेकंदांत असतं, आणि पुढे आपल्याला तेच लागणार आहे.

आधी लिहून घ्या, मग दाखवा

या लेखातलं एकच काही वापरणार असाल तर हे वापरा. घटना घडायच्या आधी फिल्म थांबवायची आणि पुढे काय होईल ते प्रत्येकाकडून वहीत लिहून घ्यायचं. पेनानं. तोंडी विचारलं तर दोन हुशार मुलं उत्तर देतात आणि बाकीचे मान डोलावतात. लिहिलं की प्रत्येकाचं काहीतरी पणाला लागतं.

हा फक्त माझा हट्ट नाही. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मेझर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की भौतिकशास्त्राचे प्रयोग नुसते बघणाऱ्या विद्यार्थ्यांची समज, प्रयोग न बघणाऱ्यांपेक्षा फारशी चांगली नव्हती. ज्यांनी आधी अंदाज नोंदवला त्यांची मात्र चांगली होती. तिथे प्रयोग वर्गात डोळ्यांसमोर होत होते. पडद्यावर तर दुर्लक्ष करणं आणखी सोपं.

माझा नेहमीचा तुकडा अपोलो १५ चा आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी डेव्हिड स्कॉट या अंतराळवीरानं चंद्रावर कॅमेऱ्यासमोर उभं राहून एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं. हातोडी १.३२ किलोची, पीस ३० ग्रॅमचं. दोन्ही वस्तू त्याच्या हातात असताना मी पॉज दाबते. काय होईल? कुणी म्हणतं हातोडी आधी पडेल, कुणी म्हणतं पीस तरंगत राहील. "चंद्रावर गुरुत्वाकर्षण नसतं, दोन्ही वरच राहतील" असं लिहिणारे प्रत्येक वर्गात निघतात. ते वहीवर उतरलेलं असलं की मला फार बरं वाटतं, कारण एरवी ही समजूत लपून राहते आणि परीक्षेच्या पेपरातच बाहेर येते.

मग फिल्म चालू. दोन्ही एकदम पडतात. वर्गात "ओह" होतं, आणि बरेच शिक्षक इथेच थांबतात. थांबू नका. दुसऱ्या वेळी हातोडी हातातून सुटल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत किती वेळ लागला ते मोजायला सांगा. यूट्यूबवर फिल्म थांबवून कळफलकावरची पूर्णविरामाची कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते आणि स्वल्पविरामाच्या कळीनं मागे जाते. उंची दीड मीटर धरली तर चंद्रावर पडायला साधारण १.३६ सेकंद लागायला हवेत, पृथ्वीवर ०.५५. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एकीकडे सुमारे ४१ आणि दुसरीकडे १७. मुलं मोजतात, उंचीवरून भांडतात, "तो वाकून उभा आहे का?" म्हणून परत बघतात. धूसर, जुनी, पाऊण मिनिटाची फिल्म, आणि तिच्यातून वर्ग चंद्राचं गुरुत्वत्वरण काढतो. उत्तर नेमकं पुस्तकातल्यासारखं, दर सेकंदाला सेकंदामागे १.६२ मीटर, येत नाही. ते का येत नाही, यावर पुढचा अर्धा तास जातो, तो जाऊ द्यावा.

आवाज बंद करून

पहिली फेरी नेहमी आवाजाशिवाय. निवेदकाचा भारदस्त आवाज आला की डोळे काम करायचं थांबवतात. तो म्हणतो "भुकेलेली मादी हताश होऊन परतते" आणि मुलांना खरंच हताश मादी दिसते. आवाज बंद असताना त्यांना चालणारा एक प्राणी दिसतो. वैज्ञानिक निरीक्षण ते दुसरं.

आठवीच्या पुढच्या मुलांना मी निवेदन लिहायलाच लावते. दोन मिनिटांचा तुकडा, आवाज बंद, चार-चार जणांचे गट. अट एवढीच की जे दिसतं तेवढंच लिहायचं, प्राण्याच्या मनात शिरायचं नाही. वाटतं त्यापेक्षा हे फार अवघड आहे, तुम्हीही करून बघा. मग मूळ निवेदन ऐकवायचं आणि त्यातलं कोणतं वाक्य चित्रात दिसत होतं, कोणतं लेखकानं घातलं, ते वेगळं करायचं.

संगीताबद्दलही सांगते. एकच तुकडा एकदा धीरगंभीर संगीत लावून आणि एकदा उड्या मारणारं संगीत लावून दाखवा. सापासाठी हे केलं तर पहिल्यांदा साप खलनायक होतो, दुसऱ्यांदा विनोदी नट. आणि मुलांना हेही सांगून टाका की वन्यप्राण्यांच्या फिल्ममधले पावलांचे, चावण्याचे, पंख फडफडल्याचे बरेचसे आवाज नंतर स्टुडिओत तयार केलेले असतात. लांबच्या लेन्सनं चित्र जवळ आणता येतं, आवाज तसा आणता येत नाही. हे कळल्यावर मुलं थोडी नाराज होतात. होऊ देत.

फिल्मचंच माप घ्या

फिल्ममधला वेळ खरा असतोच असं नाही, ही गोष्ट विज्ञानाच्या तासाला फार कामाची आहे. दर १० मिनिटांनी एक फ्रेम टिपली आणि ती सेकंदाला २४ फ्रेमनं दाखवली, तर पडद्यावरचा एक सेकंद म्हणजे खरे चार तास. सहा दिवसांत रुजलेलं बी ३६ सेकंदांत उरकतं. उलट सेकंदाला २४० फ्रेमनं टिपलेलं २४ नं दाखवलं तर सगळं दहापट संथ दिसतं. फिल्म लावण्याआधी हे गणित फळ्यावर झालंच पाहिजे, नाहीतर लहान मुलं खरोखरच समजतात की वेल सापासारखा सळसळत वर चढतो.

या बाबतीत टॅकोमा नॅरोज पुलासारखी दुसरी फिल्म नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १ जुलै १९४० रोजी हा झुलता पूल सुरू झाला, मधला गाळा ८५३ मीटरचा. चार महिन्यांनी, ७ नोव्हेंबरला, ताशी सुमारे ६४ किलोमीटरच्या वाऱ्यात तो पिळवटून कोसळला. कॅमेरे तिथे पोहोचले होते, म्हणून ते आपल्याला दिसतं. काँक्रीट आणि पोलादाचा रस्ता कापडासारखा वळतोय, यावर मुलांचा विश्वास बसत नाही. "हे कंप्युटरवर केलंय" असं कुणीतरी म्हणतंच.

पहिल्या फेरीत मी फक्त बघू देते. दुसऱ्या फेरीआधी सांगते: पुलावर एक माणूस चालताना दिसेल, तो रस्त्याच्या कोणत्या भागातून चालतो ते बघा. तो मधल्या रेषेवरून चालतो. का? रस्त्याच्या दोन्ही कडा वर-खाली होतात, एक वर तेव्हा दुसरी खाली, आणि मधली रेष जवळजवळ जागेवर राहते. हे पुस्तकातल्या आकृतीत समजायला दोन तास लागतात. इथे एक माणूस जीव वाचवायला त्याच रेषेवरून चाललेला असतो, आणि मुलांना ते एका मिनिटात कळतं. पुलावर अडकलेल्या मोटारीत एक कुत्रा होता, हेही सांगावं लागतं, कारण कुणीतरी विचारतंच. त्याला सोडवायला गेलेल्या प्राध्यापकांना तो चावला, आणि त्या दुर्घटनेत जीव गेला तो फक्त त्याचाच. यावर मुलं दोन मिनिटं गप्प बसतात. त्यांना घाई करू नका.

तिसऱ्या फेरीत स्टॉपवॉच. एका मिनिटात पूल किती वेळा पिळवटतो? इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रतींमध्ये उत्तर १८ च्या आसपास येतं. त्या दिवशी तिथे हजर असलेल्यांनी नोंदवलेला आकडा मात्र मिनिटाला १२ आहे. मग खोटं कोण? मुलांना विचार करू द्या, भरपूर वेळ द्या. उत्तर असं की फिल्म सेकंदाला १६ फ्रेमच्या वेगानं टिपली होती आणि नंतर ती २४ च्या वेगानं चालवली गेली. दीडपट वेग. बारा दीडे अठरा. हा घोळ २०१५ साली एका शोधनिबंधात मांडला गेला, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं जग ही फिल्म चुकीच्या वेगानं बघत होतं. स्टॉपवॉच घेतलेल्या सातवीतल्या मुलीला हा फरक पकडता येतो, आणि तो पकडल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे येतं त्यासाठी मी हा तास दरवर्षी घेते.

याच फिल्मला जोडून येणारं स्पष्टीकरणही तपासायला हवं. कित्येक प्रतींवर निवेदक सांगतो की वाऱ्याचे झोके पुलाच्या नैसर्गिक वारंवारतेशी, म्हणजे तो आपसूक ज्या ठेक्यात हलतो त्याच्याशी, जुळले, म्हणजे अनुनाद झाला. बिल्ला आणि स्कॅनलन या संशोधकांनी १९९१ सालीच दाखवून दिलं की हे इतकं सरळ नव्हतं. पूल हलू लागला की त्याच्या हलण्यामुळेच वाऱ्याचा रेटा असा बदलत गेला की हलणं आणखी वाढत गेलं. वारा ठेका धरून ढकलत नव्हता. वरच्या वर्गात हा फरक नक्की शिकवा. खालच्या वर्गात "निवेदक सांगतो ते अर्धवट आहे" एवढं पुरे.

समजल्यासारखं वाटणं

छान बनवलेली फिल्म एक धोका घेऊन येते: सगळं समजल्यासारखं वाटतं. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या आपल्या पीएचडीच्या कामात (२००८) हेच तपासलं. सुबक, सरळ स्पष्टीकरणाची फिल्म बघणारे विद्यार्थी ती सोपी, स्पष्ट होती असं म्हणाले, आणि त्यांचे गुण फारसे वाढले नाहीत. ज्या फिल्ममध्ये आधी चुकीची समजूत बोलून दाखवली होती आणि मग ती खोडली होती, ती बघणारे म्हणाले गोंधळ उडाला, आणि त्यांचेच गुण जास्त वाढले.

म्हणून "समजलं का?" हा प्रश्न फिल्मनंतर विचारूच नका. उत्तर "हो" येणार. त्याऐवजी असं काही सांगा ज्यात हातानं करावं लागतं: आकृती काढा, हातोडीच्या जागी फुगा असता तर काय झालं असतं ते लिहा. ऋतूंवरची फिल्म दाखवली असेल तर विचारा की पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, मग उत्तर गोलार्धात तेव्हा हिवाळा कसा? फिल्म नीट पाहिली होती की नुसती सुंदर वाटली होती, ते पाच मिनिटांत कळतं.

माणसांवरच्या फिल्म

विज्ञानाच्या फिल्ममध्ये वेग चुकला तर पूल तक्रार करत नाही. माणसांवरच्या फिल्ममध्ये चुकलं तर मुलांच्या डोक्यात एका अख्ख्या समाजाचं चित्र वर्षानुवर्षं चुकीचं राहतं. इथे जास्त सावध राहावं लागतं.

मी सुरुवात रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या 'नानूक ऑफ द नॉर्थ' या १९२२ सालच्या फिल्मपासून करते. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरच्या इनुइट (उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातले मूळ रहिवासी) कुटुंबावरची ही फिल्म लांब आहे. मी दोनच तुकडे घेते. पहिल्यात नानूक ग्रामोफोनची तबकडी हातात घेतो आणि दातानं चावून बघतो. मुलं हसतात. हसू द्यावं, मग प्रश्न टाकावा: त्याला ग्रामोफोन माहीत नव्हता हे आपल्याला कुणी सांगितलं?

मग एकेक पान उघडायचं. त्या माणसाचं खरं नाव अलाकारिअल्लाक. फिल्ममधली बायको त्याची बायको नव्हती. तिथले लोक तेव्हा बंदुका वापरत होते, पण वॉलरस या सुळेवाल्या समुद्री प्राण्याची शिकार जुन्या पद्धतीनं, हारपून (दोर बांधलेला भाला) घेऊन, कॅमेऱ्यासाठी करून घेतली. तबकडीचा प्रसंगही कॅमेऱ्यासाठी. आणि कॅमेऱ्यामागं काय चाललं होतं? इनुइट मदतनीस फिल्म धुण्याच्या कामात, उपकरणं सांभाळण्यात हात घालत होते. पडद्यावर ज्यांना यंत्र पाहून चकित झालेलं दाखवलं, त्यांचेच लोक पडद्यामागं कॅमेरा हाताळत होते. हे कळल्यावर वर्गातलं हसू बदलतं.

दुसरा तुकडा इग्लूच्या, म्हणजे बर्फाच्या घराच्या, बांधणीचा. तो अस्सल कौशल्याचा आहे आणि विज्ञानाच्या तासालाही चालतो. बर्फाचे ठोकळे वर आत कलत कसे जातात, त्या बर्फात अडकलेली हवा उष्णता कशी अडवते, खिडकीला स्वच्छ बर्फाची लादी का. मात्र इग्लूच्या आतली दृश्यं टिपायला तिथला उजेड त्या काळच्या कॅमेऱ्याला पुरत नव्हता, म्हणून एक बाजू उघडी असलेला अर्धा इग्लू बांधला गेला. म्हणजे पडद्यावर आरामात झोपलेलं कुटुंब खरं तर उघड्या थंडीत झोपलेलं आहे. यात फ्लाहर्टी बदमाश होते असं मी शिकवत नाही. कॅमेऱ्याची मर्यादा चित्रात कशी शिरते, ते शिकवते.

त्यानंतर लगेच, शक्यतो त्याच आठवड्यात, इनुइट लोकांनी स्वतः केलेली फिल्म दाखवायची. उत्तर कॅनडातल्या इग्लुलिकमध्ये झकारियास कुनुक आणि सहकाऱ्यांनी १९९० साली इसुमा ही निर्मितीसंस्था सुरू केली. त्यांच्या फिल्ममध्ये लोक आपल्या भाषेत, इनुक्टिटुटमध्ये, बोलतात आणि उपशीर्षकं आपण वाचतो. मुलांना पहिल्याच मिनिटात फरक जाणवतो: इथे माणसं थट्टा करतात, कंटाळतात, एकमेकांवर वैतागतात. आधीच्या फिल्ममध्ये ती सतत जगण्यासाठी झगडत होती.

निसर्गावरच्या फिल्म या बनवाबनवीतून सुटल्या आहेत असंही नाही. १९५८ सालच्या एका ऑस्कर मिळालेल्या माहितीपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून पाण्यात सामूहिक उड्या मारताना दिसतात. ते चित्रण कॅनडातल्या अल्बर्टात झालं, जिथे तशा लेमिंगांचा वावरच नव्हता. दुसरीकडून आणून त्यांना ढकललं होतं. लेमिंग आत्महत्या करतात ही समजूत अजून टिकून आहे, तिला त्या फिल्मनं मोठा हातभार लावला.

कोणत्याही संस्कृतीवरची फिल्म दाखवताना मी फळ्याच्या कोपऱ्यात चार प्रश्न कायमचे लिहून ठेवते. कॅमेरा कुणाच्या हातात आहे? बोलतंय कोण, ते लोक की त्यांच्याबद्दल दुसरं कुणी? हे कोणत्या साली, नेमकं कुठे? आणि कॅमेरा बंद झाल्यावर ही माणसं काय करत असतील? चौथ्या प्रश्नाला मुलं फार चांगली उत्तरं देतात. "मोबाइल बघत असतील" हे उत्तर विनोदानं येतं आणि बहुतेक वेळा बरोबर असतं.

तिसऱ्या प्रश्नात "आफ्रिकेत" हे उत्तर चालत नाही. तिथे ५४ देश आहेत. नकाशावर बोट ठेवल्याशिवाय फिल्म पुढे सरकत नाही. "अजूनही" हा शब्दही मी वर्गात बंद केला आहे. "ते लोक अजूनही असं करतात" या वाक्यात आपण पुढे आणि ते मागं, असा निकाल आधीच लागलेला असतो. आणि सणवार, नाच, रंगीत पोशाख यांपासून सुरुवात टाळा. रोजच्या कामापासून सुरू करा: पाणी आणणं, घर बांधणं, जाळी विणणं. काम बघताना मूल आपोआप "मी असतो तर कसं केलं असतं" असा विचार करतं. नाच बघताना ते फक्त प्रेक्षक असतं.

दोन पूल, एक तास

विज्ञान आणि संस्कृती वेगळ्या तासांत ठेवायलाच हवेत असं नाही. माझा सर्वांत आवडता तास टॅकोमाच्या पुलाला पेरूमधल्या केस्वाचाका पुलाशेजारी ठेवून होतो.

केस्वाचाका अपुरिमाक नदीवर आहे, लांबी सुमारे २८ मीटर, आणि तो गवताचा आहे. इंका काळापासून चालत आलेल्या पद्धतीनं जवळपासचे केचुआ भाषा बोलणारे चार समुदाय दरवर्षी जून महिन्यात तो नव्यानं बांधतात. काही दिवसांत काम पुरं होतं. घरोघरी गवत वळून बारीक दोर होतात, त्यांचे जाड, मग आणखी जाड. चार जाड दोर पायाखाली, दोन हाताशी. युनेस्कोनं २०१३ साली या परंपरेची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. चांगल्या फिल्म सहज मिळतात. ज्यात गावकरीच बोलतात अशी निवडा.

सुरुवातीला फक्त दोर वळतानाचा तुकडा, तोही बिनआवाज. लिहून घ्यायचा प्रश्न: गवताची काडी हाताएवढीही लांब नसेल, मग २८ मीटरचा दोर एकसंध कसा राहतो? नंतर मुलांना गवत किंवा सुतळीचे धागे देऊन वळायला लावा. पीळ दिला की काड्या एकमेकींना दाबतात, आणि दोर जितका ओढावा तितकं घर्षण वाढतं. हे बोटांना कळतं, तेव्हा सूत्र सांगायची घाई उरत नाही.

मग कुणीतरी विचारतं, "त्यांच्याकडे लोखंडी पुलाला पैसे नाहीत का?" या प्रश्नासाठीच थांबलेलं असावं. जवळच आधुनिक पूल आहे, वाहनं त्यावरून जातात. तरीही हा बांधतात. का, ते फिल्ममधल्या लोकांच्या तोंडूनच ऐका, आपण सांगू नका. कामाच्या आधी पृथ्वीमातेला, पाचामामाला, अर्पण केलं जातं. घाई आहे म्हणून तो भाग कापून फक्त "इंजिनीअरिंग" दाखवू नका. तिथे ते दोन वेगळे विषय नाहीत.

शेवटी तुलना. एक पूल चार महिन्यांत पडला. दुसरा दरवर्षी मुद्दाम उतरवला जातो. २०२० साली महामारीमुळे त्याची नवी बांधणी झाली नाही, आणि मार्च २०२१ मध्ये तो कोसळला. जूनमध्ये लोकांनी परत बांधला. "यातला मजबूत पूल कोणता?" असा प्रश्न मी देते आणि एका पानात उत्तर मागते. बरोबर उत्तर एकच नाही. पुरावा फिल्ममधला हवा, एवढीच अट.

किरकोळ पण नडणारं

इंटरनेटच्या भरवशावर वर्गात जाऊ नका. फिल्म उतरवून घ्यायची परवानगी आहे का ते आधी बघा. नासाचं बहुतेक चित्रण शिक्षणासाठी मोकळं असतं, विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फाइलखाली परवान्याची अट लिहिलेली असते. वीज गेली तर म्हणून फिल्ममधली चार चित्रं कागदावर छापून जवळ ठेवा. त्या चार चित्रांचा क्रम लावण्यातही चांगला तास होतो. निवेदन परक्या भाषेत असेल तर ते बंद करून तुम्हीच बोला, मात्र फिल्ममधल्या माणसांचा आवाज बंद करू नका. शिकार, प्रसूती, अंत्यसंस्कार असं काही असेल तर मुलांना आधी सांगा. आणि पूर्ण अंधार करू नका, वहीत लिहिता आलं पाहिजे.

वर्षाच्या शेवटी मुलांकडून एकेक मिनिटाची फिल्म करून घेते. एकच शॉट, संगीत नाही, निवेदन नाही. निम्मी मुलं निसर्गातली घटना घेतात: मुंग्यांची रांग, बर्फाचा खडा वितळणं. निम्मी कुणाचं तरी काम टिपतात. दुसऱ्या गटाला जास्तीची अट: टिपण्याआधी त्या माणसाला विचारायचं, आणि वर्गाला दाखवण्याआधी फिल्म त्याला दाखवायची. तो "हे नको" म्हणाला तर ती फिल्म वर्गात येत नाही. मुलानं मग उभं राहून एवढंच सांगायचं, की त्या माणसाला काय आवडलं नाही आणि का.